उत्तर भिंतीवरची बाई

माझी धाकटी बहीण सिग्ने हिनं एक प्रश्न जन्मभर पोटात ठेवला. नवऱ्याला विचारला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण आम्ही पडलो ट्रॉन्डहाइमची माणसं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी विचार करू, की आत्ता दार वाजवलं तर बरं दिसेल का! आणि सिग्ने म्हणजे त्यातलाही अर्क.

तिचा नवरा आइलिफ कॅथेड्रलच्या दगडकामावर होता. बर्फापावसानं झिजलेल्या मूर्ती उतरवायच्या आणि तशाच नव्या घडवून वर चढवायच्या, हे तिथलं कधीही न संपणारं काम. जुन्या मूर्तीचं तोंडच उरलेलं नसलं, की कारागीर गावातलंच एखादं तोंड तिला बसवतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, पाद्रीसुद्धा काणाडोळा करतात. दक्षिणेच्या बाजूला एक राक्षस आहे, तो हुबेहूब आमचा दातांचा डॉक्टर. मासळीवाला यॉर्गन तर हात जोडून संत होऊन उभा आहे. मेल्यानं मला जन्मभर शिळा मासा खपवला, आणि झाला संत!

आइलिफनं उत्तरेच्या भिंतीवर, पार वर, एका बाईचं तोंड कोरलं होतं. गावाला ठाऊक होतं ते एवढंच. खालून पाहिलं तर नुसता एक राखाडी ठिपका. सिग्नेशी लग्न व्हायच्या आधी त्याचं इंगुनशी जमलं होतं. इंगुन देखणी, हसली की गालाला खळ्या. सिग्नेनं मनाशी ठरवूनच टाकलं, की वर आहे ती इंगुन. “माझं तोंड असतं तर तो बोलला नसता का?” असं ती मला म्हणायची. त्याला मात्र कधी विचारलं नाही, आणि तोही घुम्या, कधी बोलला नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

या जूनमध्ये भिंत धुवायला उत्तरेकडे परांची बांधली. ती उतरली की आमच्या हयातीत पुन्हा तिथं कुणी चढणार नव्हतं. मी सरळ जाऊन हालवारला गाठलं. तो आइलिफच्या हाताखाली शिकला, आता मुकादम आहे. तो म्हणाला, “उद्या सकाळी या दोघी. उद्या संध्याकाळी परांची खोलायला घेतोय.”

“ताई, मला नाही बघायचं,” सिग्ने म्हणाली.

“का गं?”

“इंगुन असली म्हणजे?”

“असली तर चार शिव्या हासडून ये. पण तो गेल्यापासून रोज मुसमुसतेस, ते मला ऐकवत नाही. तुझ्या-माझ्या खोल्यांमध्ये एकच तर भिंत आहे.”

“मी कुठं मुसमुसते? सर्दी होते मला.”

“हो, गेल्या हिवाळ्यापासून एकच सर्दी!”

सकाळी नदीवरून धुकं चढलं होतं. परांचीची लिफ्ट म्हणजे नुसता लोखंडी पिंजरा. मला उंचीची धडकी भरते, पण सिग्नेनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की मला घाबरायला सवडच मिळाली नाही. पिंजरा सावकाश वर निघाला. आधी खालची थडगी गेली, मग लिंडेनची झाडं गेली, मग काहीच उरलं नाही. परांचीवर पांढरी जाळी लावलेली, जाळीबाहेर पांढरं धुकं. आम्ही दुधातून वर चाललो होतो म्हणा ना. आत कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. सूर ऐकू येत नव्हते, पण भिंतीला हात लावला की ते तळव्यात लागायचे. संत, राजे, पंखवाले आमच्या समोरून एकेक करून खाली सरकत होते. एकाच्या मांडीवर कबुतरी अंड्यांवर बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मला क्षणभर वाटलं, आपण मेलोबिलो तर नाही ना!

“मेलो असतो तर पाय दुखले नसते,” सिग्ने म्हणाली. म्हणजे मी ते मोठ्यानं बोलले होते.

फळ्यांवरून हालवार आम्हाला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला. “ही बघा, वहिनी,” तो म्हणाला, आणि फडक्यानं तोंडावर साचलेलं धुक्याचं पाणी पुसून बाजूला झाला.

सिग्नेनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता.

“ही इंगुन नाही,” ती म्हणाली. “पण ही कोण? ताई, ही आणखी तिसरीच कुणी?”

तिचा आवाज फाटला. मी पुढं झाले. बाईचे डोळे मिटलेले होते. एक हात गालाखाली, वेणी सुटून मानेवर आलेली, ओठ जरासे उघडे आणि डावी भुवई वर चढलेली, कुणाशी तरी भांडता भांडता झोप लागावी तशी.

“अगं बये,” मी म्हटलं, “ही तू आहेस!”

“काहीतरीच काय! मी अशी दिसत नाही.”

“तुला काय माहीत? स्वतःला झोपलेलं कुणी बघितलंय? लहानपणी मी तुझ्याच पलंगावर झोपत होते. हे तोंड मला अंधारातसुद्धा ओळखता येईल.”

सिग्नेनं हालवारकडे पाहिलं. तो बिचारा फडकं पिळत बसला.

“सकाळी आला की तो कुणाशी बोलायचा नाही,” हालवार म्हणाला. “कॉफीसुद्धा नाही. आधी या तोंडाच्या मातीच्या नमुन्याला हात घालायचा. म्हणायचा, थांब रे, विसरायच्या आत. मी एकदा म्हटलंसुद्धा, मूर्तीचे डोळे उघडे हवेत. तर म्हणाला, डोळे उघडले की ती विचारते, काय बघतोस.”

“विचारायचे खरी,” सिग्ने म्हणाली. “खेकसायचे त्याच्यावर. मला वाटायचं, काहीतरी खोट काढतोय.”

तिनं हातमोजा काढला. त्या दगडी गालावर, त्या उघड्या ओठांवर बोटं फिरवली. ती रडत होती, पण लपवत नव्हती. नाकसुद्धा पुसलं नाही.

मग ती वाकली, आणि आमच्यापैकी कुणाशीच नव्हे, अगदी हळू आवाजात म्हणाली, “उठवायचंस ना रे मला.”