झोहराच्या हनुवटीवरचे गोंदण

मी एक जुना फोटो आहे. तळहाताएवढा, काळापांढरा, ओलीने डागाळलेला. माझ्यात झोहरा बसली आहे. ओळखपत्रासाठी सरकारी माणसाने तिला बाकावर बसवले, हलू नकोस म्हणाला, आणि तेव्हापासून ती हललेली नाही. मीही नाही.

झोहरा लवकर गेली. तिच्या लेकीने, मालहाने, आई पाहिली ती माझ्यातच. तिझी ऊझू शहराच्या वरच्या डोंगरातल्या घरात मी काचेमागे टांगलेला असे. हळूहळू ओल आत शिरली आणि झोहराच्या गालावर डाग पसरले.

मित्रांनो, मालहाची मुलगी, तासादित, विद्यापीठात संगणक शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिघांच्या गटाला जुने फोटो स्वच्छ करणारा प्रोग्राम लिहायचा होता. तिने मला भिंतीवरून उतरवले.

"यम्मा," ती आईला म्हणाली, "आजीला डागांतून सोडवून आणते."

"नेतेस तशीच आण," मालहा म्हणाली. "माझ्याकडे दुसरी आई नाही."

प्रयोगशाळेत मला स्कॅनरच्या झाकणाखाली दाबले. अंगावरून एक उजेड सरकत गेला. मग मी पाकिटात, पाकीट कपाटात आणि कपाटाला कुलूप. निकालापर्यंत मूळ वस्तू त्यांचे प्राध्यापक उस्ताद बलकासम यांच्या ताब्यात राहायच्या, असा नियम होता. अंधारात माझा जीव गुदमरे. फटीतून फक्त बोलणे ऐकू येई.

"एक डाग उरला नाही. शाब्बास," एके दिवशी उस्ताद म्हणाले. मी आतल्या आत फुशारलो. पण लगेच पुढचे वाक्य आले. "हा मूळ फोटो विभागातच राहू दे. पुढच्या मुलांना नमुना होईल. घरी लावायला तुम्हाला स्वच्छ फोटो आहेच."

"ठेवा ना, उस्ताद," गटातला मेझियान उदारपणे म्हणाला. फोटो कुठे त्याच्या घरचा होता! मी जन्माचा अडकलो.

सुट्टीत ती स्वच्छ फोटो घेऊन गावी गेली. परतली तेव्हा कपाटासमोरच मेझियानला म्हणाली, "यम्माने तो बघितला आणि विचारलं, ही बाई कोण?"

"म्हणजे?"

"आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं रे. आपल्या प्रोग्रामने डाग समजून पुसलं."

"तुझीच आजी ना? तुला दिसलं नाही?"

"मी डागच बघत होते. चेहरा कुठे बघितला?"

मेझियानचा आवाज खाली आला. "मग आता गप्प बस. गुण तिघांना सारखे मिळणार आहेत. मी यंदा नापास झालो तर बाबा मला काकाच्या गॅरेजात बसवतील. फोटोचं काय, भिंतीवर एक आहे ना?"

"भिंतीवर कुणीतरी परकी बाई आहे, मेझियान."

पावले दूर गेली. ती उस्तादांकडे गेली की घरी, मला कळेना. मी नुसता वाट पाहत राहिलो. अखेर कुलपात किल्ली फिरली.

उस्तादांनी मला आणि स्वच्छ फोटोच्या दुसऱ्या प्रतीला शेजारी धरले.

"माझ्या आईलाही गोंदण होतं," ते म्हणाले. "आणि मी शाब्बास म्हणालो."

त्यांनी मला तासादितच्या हाती परत दिले. गुण मात्र कापले. चूक ती चूक. मेझियान काठावर पास झाला. "तुझ्या आजीने बुडवलंच असतं आम्हाला," एवढे बोलून तो जो गेला, तो तासादितशी पुन्हा बोलला नाही. तिला त्याचे फार वाईट वाटले. बसमध्ये तिने मला पिशवीत न ठेवता मांडीवर धरले होते.

मालहाने माझे डाग पाहिलेच नाहीत. तिने हनुवटीवरून बोट फिरवले.

"आलीस," ती म्हणाली.

मित्रांनो, मी पुन्हा काचेमागे कोंडलेला आहे आणि गालावरचे डागही तसेच आहेत. तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला ओलीपासून जपा. पण काही पुसायच्या आधी घरातल्या माणसांना विचारा. मालहा रोज सकाळी माझी काच पुसते. हनुवटीपाशी तिचे फडके जरा थांबते.