एनिडचा 'व्हाईल'

क्लिफर्ड सग्डन लंडनपासून दूर, उत्तरेकडच्या थॉर्नशॉ गावच्या बस आगारात वेळापत्रकं बनवायचा आणि उरलेल्या वेळात कविता. वेळापत्रकं लोक वाचायचे, शिव्या घालायचे. कवितांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. बावीस वर्षं त्या लंडनला जात होत्या आणि साभार परत येत होत्या. पोस्टमन लिफाफा बघूनच म्हणायचा, "आली रे बाबा तुझी लेक परत!"

आणि एके दिवशी लंडनच्या ॲस्क्यू नावाच्या संपादकाचं पत्र आलं. पुस्तक काढतो म्हणाले. फक्त शेवटच्या कवितेतला एक शब्द चुकलाय, तेवढा बदला.

ती कविता एनिडची होती. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात क्लिफर्डची बस माळावर बर्फात रुतली. तो चार तास पायी तुडवत घरी पोचला, तर बायको खिडकीशी उभी. "बसायचंस तरी," तो म्हणाला. तिने जे उत्तर दिलं, तेच त्याने जसंच्या तसं शेवटच्या ओळीत घातलं: 'बसणार नव्हते मी, व्हाईल तू येशील.'

आता थॉर्नशॉत 'व्हाईल' म्हणजे 'तोपर्यंत'. इथलं दुकान नऊ व्हाईल पाच उघडं असतं, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. लंडनात मात्र 'व्हाईल' म्हणजे 'त्याच वेळी'; 'तोपर्यंत'ला तिथे 'अंटिल' म्हणतात. ॲस्क्यूसाहेबांनी लिहिलं होतं, 'नवरा आत येत असताना बाई हट्टाने उभी राहते, यात प्रेम ते काय? अंटिल घाला, म्हणजे अर्थ लागेल.'

क्लिफर्डने त्याच दुपारी होकार कळवला. एका शब्दापायी बावीस वर्षं पाण्यात कोण घालवतो? एनिडला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही.

महिन्याभराने तपासायची छापील पानं आली. एनिड कांदे चिरता चिरता ती वाचत होती. सुरी थांबली.

"ही कोण बाई?"

"कुठली?"

"ही खिडकीतली."

"तूच की!"

"मी? मी जन्मात अंटिल म्हटलेलं नाही. अंटिल म्हणे! हातमोजे घालून चहा पिणारी दिसतेय. कधीपासून वाट बघते रे ही तुझी?"

क्लिफर्ड हसला. ती हसली नाही.

"पाच वाजल्यापासून उभी होते मी, क्लिफ. पाय सुजले होते माझे. आणि पुस्तकात ही भवानी?"

"अगं, लंडनवाल्यांना कळत नाही."

"मग विचारावं की! त्यांचं रेडिओवरचं बोलणं आपण घेतोच ना समजून?"

क्लिफर्डला स्वतःची लाज वाटली. त्याने टोपी चढवली.

"कलेजी टाकतेय मी," एनिड म्हणाली.

"आलोच."

कोपऱ्यावरच्या फोनवरून त्याने लंडन लावलं. जुना शब्द परत घाला म्हणताच ॲस्क्यूसाहेब वैतागले.

"सग्डन, आता बदल केला तर पुस्तक पुढल्या वर्षावर जाईल. कदाचित निघणारच नाही. आमचं मंडळ आधीच कुरकुरतंय."

तरी क्लिफर्ड म्हणाला, "थांबतो मी, व्हाईल तुम्ही छापाल."

"आम्ही छापत असताना थांबणार? आणि छापून झाल्यावर?"

"झाल्यावर कशाला थांबू, साहेब? तेव्हा पुस्तक हातात असेल ना!"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे ती बाई..." ॲस्क्यूसाहेब हळूच म्हणाले, "सगळा वेळ उभीच होती?"

"पाच वाजल्यापासून."

"विचारतो मंडळाला. पण शब्द देत नाही हं."

"माझा मला परत द्या, झालं," असं म्हणून क्लिफर्डने फोन ठेवला. पुस्तक बहुधा गेलंच, असं त्याला वाटलं, आणि वाईटही वाटलं. तो पाय ओढत गल्लीत वळला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. टेबलावर दोन ताटल्या झाकून ठेवलेल्या, खुर्च्या जागच्या जागी, आणि काचेशी एनिड. तो आत आला.

"बसायचंस तरी," तो म्हणाला.

"गार झाली कलेजी," असं म्हणून तिने झाकणं काढली. मग खुर्ची ओढून ती बसली.