फुटामागे एक सूत

मार्गशीर्षातल्या त्या रविवारी दौलत मेस्त्री लालबागच्या चाळीत, आपल्या खोलीसमोरच्या गॅलरीत, सकाळपासून काचकागद घासत बसले होते. मांडीवर सागवानाचं एक चौकोनी नरसाळं होतं, एका टोकाला अंगठ्याएवढं आणि दुसऱ्या टोकाला घमेल्याएवढं. आत त्यांची मुलगी अंबिका सहावीच्या वह्या तपासत होती. काचकागदाची खरखर थांबली की तिची लाल पेन्सिलही थांबे, आणि पुन्हा सुरू झाली की पेन्सिल चाले. हे तिच्या लक्षात मात्र फार उशिरा आलं.

शेजारच्या रमाबाई कळशी घेऊन नळावरून येताना थबकल्या.

"मेस्त्रीनू, संपलो नाय तुमचो भोंगो? चार वर्सां झाली. वरातीक लावतलास तर नवरी आदी बघा!"

"रमाबाय, हो भोंगो न्हय," मेस्त्री मान वर न करता म्हणाले. "भोंगो वरडता. हो बोलतलो."

अंबिकेला आत हसू आलं. तात्यांचं हे उत्तर साऱ्या चाळीला पाठ होतं.

परळच्या एका कारखान्याच्या ओतशाळेत तात्या तीस वर्षं लाकडी नमुने करत आले होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, आणि वाळूत उठलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तात्यांचा नमुना वाळूतून उचलताना वाळूचा कण हलत नसे, अशी त्यांची ख्याती होती. पुढे गिरगावातल्या एका जुन्या थिएटरात पडद्यामागचा लाकडी सांगाडा दुरुस्त करायला त्यांना बोलावलं गेलं, आणि तिथे त्यांनी सिनेमाचा आवाज फेकणारा मोठा कर्णा प्रथम पाहिला. ऑपरेटरने सहज सांगितलं, की हजार माणसांना ऐकू जाणारा हा आवाज एका मिणमिणत्या दिव्याला लागेल एवढ्याच विजेवर निघतो. बाकी सगळी करामत कर्ण्याच्या आकाराची. तात्या त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत नीट. वीज एवढीशी, आणि उरलेलं काम आकार करतो! सुताराला याहून मोठं सांगणं कोणतं असणार?

थिएटरने यंत्रं बदलली तेव्हा जुन्या कर्ण्याचं युनिट, म्हणजे नारळाएवढा जड लोहचुंबक आणि त्याच्या पोटात कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा, तात्यांनी पंच्यात गुंडाळून घरी आणलं. ते दोन वर्षं फळीवर पडून होतं. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि माणसं आपापल्या खोल्यांत कोंडली गेली. तेव्हा तात्यांनी कुठूनसं मिळवलेलं, अशा कर्ण्यांवरचं, पुठ्ठे गळालेलं एक इंग्रजी पुस्तक अंबिकेपुढे ठेवलं. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अंबिकेने त्या चार दिवसांत ते वाचून काढलं आणि तात्यांना समजावलं: कर्णा सरळ रुंदावत जात नाही. दर चार इंचांना त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं. आधी वाढतोय असं वाटतही नाही, आणि शेवटी तो एकदम उमलतो.

"धोतऱ्याच्या फुलासारखो," तात्या म्हणाले.

पुस्तकात ज्याला दोन पानं लागली होती ते त्यांनी दोन शब्दांत धरलं. मग तिने वहीत आकडे काढून दिले, इतक्या इंचांवर रुंदी इतकी, आणि ती वही तात्यांनी देव्हाऱ्याखाली ठेवली. येईल त्याला सांगायचे, "लाकूड माझां, पण हिशेब आमच्या अंबूचो."

पहिला कर्णा प्लायवूडचा केला. तो आवाजाबरोबर स्वतःही थरथरायचा. तात्यांनी तो मोडून पाणी तापवलं. मग पडलेल्या एका घराची सागवानी तुळई आणली, चिरली, वर्षभर खाटेखाली सुकत ठेवली. मधल्या काळात महाराष्ट्राला मुंबई मिळावी म्हणून समितीच्या सभा, मोर्चे, मंडप; रात्रपाळीचे कामगारही घोषणा देत झोपेतून उठत होते. सभेचं व्यासपीठ बांधायला तात्या पहिले हजर असत, पण भाड्याचा पत्र्याचा कर्णा किंचाळू लागला की कळवळून म्हणत, "अरे, मुंबई मागतास ती जरा गोड आवाजात मागा!"

त्या रविवारी संध्याकाळी त्यांनी जोडून झालेल्या दोन भागांना युनिट बसवलं. गळा आणि मधला भाग, मिळून अठ्ठावीस इंच. शेवटचा, उमलणारा भाग तेवढा राहिला होता. रेडिओची तार युनिटला जोडली, बटण जेमतेम फिरवलं. सारंगी लागली होती. अर्धवट कर्ण्यातूनही तिचा गज तारेला टेकतो तो क्षण वेगळा ऐकू आला. तात्यांनी अंबिकेकडे पाहिलं.

"तोंड लावलां की झाला. मग तुझ्या शाळेतल्या बायांका बोलव गो. गाणां शिकवतत त्या बाईंका तरी. त्यांका कळात."

अंबिका वह्यांचा गठ्ठा बांधत होती. "बघू, तात्या," ती म्हणाली.

बोलावणं कठीण होतं, आणि ते का हे तिलाच माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी गिरगावच्या त्या शाळेत नोकरीचा अर्ज करताना वडिलांचा व्यवसाय म्हणून तिने लिहिलं होतं, 'इंजिनिअरिंग कारखान्यात नोकरी'. ते खोटं नव्हतं. पुढे शिक्षकांच्या खोलीत त्याचं 'वडील इंजिनियर आहेत' कधी झालं ते कळलं नाही. ती एकदा गप्प राहिली. मग दर वेळी गप्प राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला दौलत मेस्त्री कारखान्यात आपल्या बाकावर काम करता करता पुढे वाकले आणि पुन्हा सरळ झाले नाहीत. इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरावा झाला. अंबिका शाळेत जाऊ लागली. कारखान्यातून तात्यांची हत्यारांची पिशवी आली ती तिने न उघडता खुंटीला अडकवली. कर्णा कोपऱ्यात उभा होता. त्यावर रमाबाईंनी धूळ बसू नये म्हणून आपलं जुनं लुगडं टाकलं होतं, आणि तेव्हापासून थट्टा केली नव्हती. अंबिका रडली नाही. पुस्तकं वाचून वाचून या पोरीचं काळीज कागदाचं झालंय, असं चाळीतल्या बायका म्हणत. तिने एवढंच ठरवलं होतं: कर्णा पुरा करायचा, आणि शाळेत गाणं शिकवणाऱ्या सुमतीबाईंना ऐकायला बोलवायचं. 'बघू' हा त्याबाबत तात्यांना तिचा शेवटचा शब्द होता. तो तसाच राहू द्यायचा नव्हता.

तात्यांचा जोडीदार आनंदा फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी आला. हा ओतशाळेतला ओतारी. तात्यांचे नमुने वाळूत दाबायचं काम त्याचं. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवलेले. सुतारकाम त्याला बेताचंच येत होतं, पण हत्यार धरणारा हात होता. तुळईच्या अखेरच्या चार फळ्या उरल्या होत्या. एखादी चुकली तर पाचवी नव्हती.

अंबिकेने सावधपणे आधी पुठ्ठ्याचं तोंड करून घेतलं होतं. वहीतले आकडे, शाळेतली फूटपट्टी, टोकदार पेन्सिल. अठ्ठावीस इंचांवर रुंदी अकरा इंच अडीच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिने पुठ्ठा मधल्या भागाला लावला. लागेना. तात्यांचा भाग पुठ्ठ्यापेक्षा मोठा होता. तिने मोजलं, पुन्हा मोजलं. चारही बाजूंची रुंदी बरोबर एक सूत जास्त.

सुताराच्या सांध्यात एक सूत म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखं. साठीला आलेला माणूस. शेवटच्या दिवसांत नजर कमी झाली असेल, हात कापत असेल, आणि आपण वह्या तपासत बसलो होतो.

"आनंदाकाका," ती शांतपणे म्हणाली, "तात्यांचा हात चुकलाय. सांधे सोडवून त्यांच्या फळ्या कडेने सूतभर तासून घ्या. आकडे बरोबर आहेत, मी तीनदा पाहिले."

आनंदाने रंधा उचलला होता. तो त्याने जमिनीवर ठेवला.

"मेस्त्रीचो हात? चुकलो?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काही अभद्र बोलली होती. "बाय माझे, वीस वर्सां मी तेचे नमुने वाळूत दाबलंय. हात चुकाक नाय. तू कशान मोजलंस ता सांग."

तिने फूटपट्टी दाखवली. आनंदा हसला नाही. उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यापुढे धरली. "उघड. तुझ्याच हातान उघड."

पिशवीत पटाशा होत्या, तंबाखूची डबी होती, आणि पितळी टोकांची एक लाकडी पट्टी, घामाने काळी पडलेली. आनंदाने ती घेऊन फूटपट्टीशेजारी ठेवली, शून्याला शून्य लावून. एकाच्या खुणा जवळजवळ जुळल्या. सहाला फरक दिसू लागला. बाराच्या खुणेवर तात्यांची पट्टी एका सुताने पुढे गेली होती.

"लोखंड थंड होताना आकसता," आनंदा म्हणाला. "फुटामागे एक सूत. म्हणान नमुनो तेवढो मोठो करूक लागता. नमुनेवाल्याची पट्टीच तशी असता, सूतभर लांब. मेस्त्रीन जल्मभर दुसरी पट्टी हातात धरूक नाय."

"पण हा कर्णा कुठे ओतायचा होता? हा तर लाकडाचाच."

"ता तेच्या हाताक कोण सांगतलो?"

अंबिकेने त्या दोन्ही पट्ट्या पुढ्यात ओढल्या. मग तिने वहीत आकडेमोड केली. गळ्यापासून सगळाच कर्णा त्याच प्रमाणात मोठा होता. लांबी, रुंदी, सगळं. चार इंचांना दुप्पट हा नियम कुठेच मोडला नव्हता. तात्यांच्या इंचांत कर्णा निर्दोष होता. आणि ती तो तासायला सांगत होती! उठून तिने फूटपट्टी पुस्तकांच्या मांडणीला लावली, तिच्या मॅट्रिकच्या वर्षी तात्यांनी केलेल्या. तीन फूट तीन सूत. पाट मोजला, देव्हारा मोजला. घरात तात्यांच्या हातचं जे जे होतं, ते फुटामागे सूतभर मोठं होतं, आणि ती इतकी वर्षं त्यात वावरत होती.

आनंदा तात्यांच्या पट्टीने फळ्यांवर खुणा करू लागला. काम करताना त्याची जीभ सैल झाली.

"एक सांगू? रागावशील. दोन पावसाळ्यांमागे तू छत्री इसारलंस, ती द्यायला मेस्त्री तुझ्या शाळेत गेल्लो. शिपायान विचारल्यान, 'इंजिनेरसायबांनी धाडल्यानी काय?' मेस्त्री म्हणालो, 'होय, सायबांनीच.' वर शिपायाची चाय पिऊन इलो! माका सांगताना हसता हसता ठसको लागलो तेका."

अंबिकेने पेन्सिल खाली ठेवली. "मला नाही सांगितलं."

"तुका कशाक सांगात? म्हणालो, पोर मोठ्या लोकांत वावरता, तिका जड नको."

शेवटचा सांधा बसला तेव्हा आनंदाने त्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

चैत्रातल्या रविवारी सकाळी सुमतीबाई आल्या. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या, गाणं शिकवणाऱ्या, नाकावर चष्मा आणि बोलण्यात साखर. मुंबईसकट महाराष्ट्र होणार हे एव्हाना पक्कं झालं होतं आणि जिना चढताना त्यांना चाळीतल्या पोरांनी पताका चिकटवायला खळ मागितली होती, ते सांगून त्या हसल्या. रमाबाई दाराशी, आनंदा भिंतीला टेकून. कर्णा खिडकीखाली, दोन हात पसरावे तेवढं त्याचं तोंड, तेलपाणी केलेलं, मधाच्या रंगाचं.

अंबिकेने बटण फिरवलं. रेडिओवर कुणी वयस्क बाई तोडी गात होत्या. खालचे सूर रेडिओच्या स्वतःच्या पोटातून येत होते आणि वरचं सगळं कर्ण्यातून. आवाज मोठा नव्हता. खोलीत कुणी सहज बोलावं तेवढाच. पण तंबोऱ्याच्या तारेवरची मधमाशीसारखी गुणगुण खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात भरली. तबल्यावर बोट पडण्याआधी ते उचललं गेल्याचं कळत होतं. आलाप संपवून त्या बाईंनी श्वास घेतला, आणि रमाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला, कुणी परकं माणूस आत आल्यासारखा.

सुमतीबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"तिच्या दातांमधली फट ऐकू येते हो," त्या हलकेच म्हणाल्या. "मी या बाईंना दोनदा समोर बसून ऐकलंय. इतकं जवळून नाही." मग कर्ण्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "आणि सांधा म्हणून कुठे सापडत नाही. हे इंजिनियरच करू जाणे. अंबिकाबाई, वडील कोणत्या कंपनीत होते हो तुमचे?"

आनंदा आपल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागला. अंबिकेने रेडिओचं बटण बंद केलं, आणि खोली एकदम रिकामी झाली.

"ते इंजिनियर नव्हते, बाई," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. गॅलरीतल्या पोरांनीही वळून पाहिलं. "सुतार होते. माझे वडील सुतार होते. मी शाळेत ते कधी सांगितलं नाही. मला लाज वाटायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं."