मोरचुदाचा लेप

सौंसरच्या आसपास कुणाच्या संत्र्याच्या झाडातून डिंक गळायला लागला, की बोलावणं भगवंतरावांना. ते खोड खरवडायचे, मोरचूद-चुन्याचा निळा लेप फासायचे आणि जाताना मालकाला चार गोष्टी सुनवायचे. झाडं बरी व्हायची. भगवंतरावांची मान आणखी ताठ व्हायची.

मग त्यांच्याच बायकोच्या, कलाबाईच्या तळपायात संत्र्याचा काटा मोडला. गाठ आली, गाठीतून पू आणि काळे कण येऊ लागले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मांसात बुरशी शिरली आहे. वर्षभर गोळ्या घ्या. सूज उतरली तरी थांबायचं नाही. बुरशी हाडात गेली तर पाय कापावा लागेल."

काही महिन्यांत सूज उतरली. "बुरशीच न? बुरशीचं मले काय सांगतेत!" म्हणत भगवंतरावांनी गोळ्या बंद केल्या आणि झाडाचा लेप बायकोच्या पायाला फासला. ती आगीनं तळमळली. "औषध लागू होऊन राहिलं," ते म्हणाले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं भोगायला बायको होती.

पुन्हा नागपूर. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. कातडी जळालेली, कडा निळसर आणि गाठी परत वर आलेल्या.

"हे काय लावलं? कुणी लावलं?"

भगवंतराव भिंतीकडे पाहू लागले.

"मीच लावलं जी मॅडम," कलाबाई म्हणाली. "अडाणी बाई मी."

बाईंनी तिला चांगलंच झापलं. मग भगवंतरावांना म्हणाल्या, "काका, तुम्ही तरी लक्ष ठेवा. हाड अजून शाबूत आहे. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू." त्यांनी मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना लेपापेक्षा त्या डोलावण्याचीच जास्त लाज वाटत होती.

सौंसरच्या बसमध्ये लोधीखेड्याचा कुलदीप भेटला. "काका, आमच्या झाडातून डिंक गळून राहिला. कधी येता?"

कलाबाईच बोलली, "येतीन न बापा. ह्यायच्या हाताले गुण हाय."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुलदीप," त्यांचा आवाज नको तेवढा मोठा निघाला, "हिचा पाय म्या जाळला. झाडाचा लेप लावून. डॉक्टरपुढं हिनं आपल्या अंगावर घेतलं, अन् म्या घेऊ देलं."

अख्खी बस वळून पाहू लागली. कलाबाईनं पट्टीचा पाय घाईघाईनं लुगड्याखाली ओढून घेतला.

"काहून सांगता जी?" ती कुजबुजली. "आता तुमाले कोन बोलावन?"