वरच्या मजल्याचे स्वयंपाकघर

गेल्या दिवाळीत जयंतीने नव्या घराचा नकाशा पाहुण्यांपुढे पसरला, तेव्हा तिच्या वडिलांनीच, भीमसेन सरांनी, तो सर्वांना अभिमानाने समजावून सांगितला होता. स्वयंपाकघर मागे नव्हते. समोर, रस्त्याकडे मोठी खिडकी ठेवून काढले होते. "अख्ख्या कमलनगरात असं घर न्हाई," ते म्हणाले होते.

आता ग्यानबा मिस्त्री दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन पाया आखायला आला होता, आणि सर तोच नकाशा प्रथमच पाहत असल्यासारखे पाहत होते.

"फोडणीचा वास बैठकीत येणार. आल्यागेल्याला खरकटी भांडी दिसणार. जयंती, स्वयंपाकघर मागं घे."

"अण्णा, दिवाळीत तुम्हीच म्हणालात–"

"दिवाळीत नुसतं बोलायचं होतं. आता बांधायचंय."

जयंतीची आई, मालतीबाई, लिंबाखाली थर्मास घेऊन बसल्या होत्या. सरांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरताना प्रत्येक भाड्याच्या घरात त्यांनी मागच्या खोलीत, भर दिवसा दिवा लावून भाकऱ्या थापल्या होत्या. त्यांनी चहा ओतला.

जयंतीने आईकडे पाहिले. स्वतः आर्किटेक्ट असूनही तिने वाद घातला नाही.

"बरं, मागं घेते. पण पुढं श्रीनाथच्या लग्नानंतर वरचा मजला चढवाल, तिथलं कुठं काढू?"

तिचा धाकटा भाऊ श्रीनाथ अजून कॉलेजात होता. सर खुलले.

"तिथं समोरच काढ! सुनेला उजेड नको का? वासाला चिमणी बसवू. भांड्यांची मोरी मागं नेली की झालं."

"व्हय का?" मालतीबाई उठल्या. "जी पोरगी अजून बघितलीबी न्हाई, तिला उजेड. आन् मला?"

"अगं, मी वरच्या मजल्याचं बोलायलो."

"चिमणी खालीबी बसती की, सर," ग्यानबा दोरी सोडवता सोडवता म्हणाला.

"तू गप रे!"

"अण्णा," जयंती म्हणाली, "फोडणी तीच, भांडी तीच. वरच्या मजल्याला अजून अवकाश आहे, म्हणून तुम्हाला उपाय सुचले. तेच खाली करू."

सरांनी नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मोरी मात्र मागं," ते अखेर म्हणाले. मग बायकोकडे वळून, "खिडकी केवढी पाहिजे?"

मालतीबाई जागेच्या रस्त्याकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"बाई, जरा सरका," ग्यानबा म्हणाला, "फक्की टाकायलोय."