दोऱ्याचे दोन पदर

धाकटीने गुडघा रोवून रबरी कापडाच्या घडीतली हवा दाबून काढली आणि मान वर न करताच म्हणाली,

"डावी कड आत."

"डावी कड आत," समोरून थोरली म्हणाली.

कार्यशाळेचा नियमच तसा होता. संकटाच्या वेळी विमानाच्या दारातून फुगून बाहेर पडणारी घसरगुंडी दोघांनी मिळून बांधायची. एकाने करून सांगायचं, दुसऱ्याने पाहून तेच शब्द परत म्हणायचे. उत्तर आल्याशिवाय पुढची घडी नाही. त्यामुळे घरी एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या या दोन जावा सकाळपासून अखंड बोलत होत्या. बाकीच्या कामगारांची करमणूक चालली होती.

धाकटीला इथे आणलं थोरलीनेच. विमानातल्या खुर्च्या पुसणाऱ्या जावेसाठी तिने साहेबांकडे शब्द टाकला, हाताला धरून काम शिकवलं. आणि त्याच धाकटीने भरल्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "ताईंच्या हाताखाली माझा जीव गुदमरतो." चुली वेगळ्या झाल्या, एक खाली, एक माडीवर. तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ते वाक्य थोरलीला अजून सलत होतं.

आज धाकटीची परीक्षा होती, दुसरी आणि शेवटची संधी. तिने बांधलेली घसरगुंडी परीक्षक फुगवून बघणार होते. नीट उघडली तर ती पक्की कारागीर, नाहीतर पुन्हा खुर्च्या पुसायला.

सगळ्यात शेवटी दोरा. घडी धरून ठेवणारा हा दोरा मुद्दाम कच्चा असतो, हवा भरताच पटकन तुटावा म्हणून. तो एकेरीच बांधायचा. पण धाकटीचा हात शिवणकामातला. बटण लावताना घेतो तसा तिने सवयीने दोरा दुहेरी घेतला आणि वर चांगली घट्ट गाठ मारली.

"दोरा बांधला."

थोरलीने पाहिलं. दोन पदर स्पष्ट दिसत होते. हा दोरा तुटणार नव्हता. घसरगुंडी अर्धवट उघडून अडकणार, आणि उद्यापासून टेबलाच्या पलीकडे दुसरं कुणीतरी असणार.

"दोरा बांधला," ती म्हणाली.

त्यात खोटं काय होतं? बांधला तर होताच. शिवाय ही परीक्षेची घसरगुंडी, विमानात थोडीच जाणार होती? कुणाच्या जिवाशी खेळ नव्हता. हात पुसता पुसता तिने मनाची अशी बरीच समजूत घातली, पण मन काही ऐकेना.

गठ्ठा उंच चौथऱ्यावरच्या लाकडी दारात बसवला गेला. परीक्षकांना पाठीमागे सगळे 'मिनिटकाटा' म्हणत. त्यांनी एका हातात घड्याळ धरलं आणि दुसरा हात हवा भरायच्या हँडलवर ठेवला. खाली धाकटी मुठी आवळून उभी होती. तिचे ओठ हलत होते. थोरलीने निरखून पाहिलं. ती सगळ्या पायऱ्या मनात म्हणत होती, प्रत्येक दोनदा. दुसऱ्यांदा म्हणताना मान थेट थोरलीसारखी हलवत होती.

थोरली पुढे धावली.

"थांबा!"

"आता काय?" मिनिटकाटा वैतागले.

"दोरा दुहेरी आहे."

त्यांनी हँडलवरचा हात काढला. "हँडल ओढेपर्यंत घडी तुमची, चूक सुधारता येते. पण आता पहिल्यापासून घाला. आणि जेवायच्या सुट्टीआधी आटपा."

गठ्ठा पुन्हा टेबलावर आला. धाकटीने गाठीला कात्री लावली.

"मी बघितलं होतं," थोरली हळूच म्हणाली. "तेव्हाच."

"माहीत आहे." कात्री चालली. "न बघता तुम्ही कधी हो म्हणत नाही."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीने कापलेला दोरा बाजूला टाकला, डोळे मनगटाने पुसले आणि कापडाची कड उचलली. काम पुन्हा सुरू झालं. या वेळी दोरा एकेरी होता, आणि थोरलीने तो बोट लावून तपासला.

हँडल ओढताच फुस्स आवाज झाला, दोरा तुटला आणि घसरगुंडी लांबलचक उलगडत जमिनीला टेकली. मिनिटकाट्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "पास."

टाळ्या पडल्या. पहिली पास झालेली घसरगुंडी जिची, तिनेच तिच्यावरून आधी उतरायचं, अशी तिथली रीत. धाकटी वर गेली, दारात उभी राहिली आणि खाली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग पाठीमागे जिन्यावर धापा ऐकू आल्या. दुखरे गुडघे धरत थोरली वर येत होती.

"तुम्ही कशाला? उतरायचं मला आहे."

"दोघी मावतात."

धाकटीने तिच्याकडे रोखून पाहिलं. किती महिन्यांनी, तीच जाणे.

"ढकलणार नाही ना?"

"सकाळी ढकलणारच होते," थोरली म्हणाली.

धाकटी खळखळून हसली आणि एका अंगाला सरकून तिला जागा करून दिली.