तिसरी फेरी

"हाय का कुणी नांदूरघाटच्या राजश्रीला जोड? हाय का कुणी वाघीण?" आप्पाराव माईकमध्ये असे काही ओरडले की भोंग्यानंच शिट्टी मारली.

राजश्रीची पहिली फेरी चालू होती. युसूफ वडगावच्या जत्रेतला रिवाज असा, की ज्या पैलवानाला जोड मिळालेली नाही त्यानं उजवा हात वर करून फडाला तीन फेऱ्या मारायच्या. ज्याला लढायचंय त्यानं गर्दीतून उतरून तो हात धरायचा. तिसरी फेरी सरली आणि हात रिकामाच राहिला, तर पंच मानाचा नारळ देणार, की पैलवान निघाला आपल्या गावाला. गड्यांचा हात अर्ध्या फेरीतच कुणीतरी धरतं. बाईचा हात मात्र आपला वरच, वाळत घातलेल्या टॉवेलसारखा.

"आमच्या मंडळीला पाठवू का?" कडेच्या लिंबावरून एकानं आवाज टाकला.

"पाठवा की!" राजश्री चालता चालताच म्हणाली. "पण मग सांजच्या भाकरी तुमालाच थापाव्या लागतील!"

अख्खा फड हसला. हलगीवाल्यानं खुशीत एक टोला जादाच हाणला.

एरवी हीच राजश्री तोंडातून शब्द काढेल तर शपथ! केजच्या एका शाळेत ती तासाच्या पगारावर कवायत शिकवायची आणि मुख्याध्यापकांसमोर 'होय सर'च्या पुढं तिची गाडी कधी गेली नव्हती. पण तळपायाला लाल माती लागली रे लागली, की तिच्या अंगाला वाचा फुटायची. खांदे बोलायचे, मनगटं बोलायची. आणि ते सगळं बोलणं पुरतं कळायचं ते एकीलाच. ऋतुजाला.

ऋतुजा आष्टीची. सहा वर्षं दोघी एकमेकींची जोड होत्या. जत्रा कुठलीही असो, पत्रकावर दोघींची नावं शेजारी शेजारी छापलेली. पहिल्याच कुस्तीत ऋतुजानं तिला धोबीपछाड मारून आभाळ दाखवलं होतं आणि वर छातीवर बसून कानात विचारलं होतं, "लई लागलं का गं?" त्या दिवसापासून जमलं ते जमलंच. दोघींचा शड्डूसुद्धा ठरलेला होता. बाकीचे पैलवान मांडीवर हवी तशी थाप मारतात. यांचं तसं नाही. आधी एक थाप, मग थांबायचं, मग दोन भराभर. ऋतुजानं ठोकायचा, राजश्रीनं तस्साच परत करायचा. लोक म्हणायचे, "ह्या पोरी लढतात का गप्पा मारतात?"

दोन्ही! पण लोकांना कोण सांगणार?

दीड वर्षापूर्वी ऋतुजाचं लग्न झालं, ते याच गावात. माणसं चांगली. फक्त बैठकीतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "पोरगी पसंत हाय, पण फड बंद." त्यानंतर राजश्री कितीजणींशी लढली. जिंकलीही. डाव बसायचे, टाळ्या पडायच्या, पण मातीतून उठताना वाटायचं, आज आपण कुणाशी एक अक्षरसुद्धा बोललो नाही.

आणि चार दिवसांपूर्वी ऋतुजाचा फोन आला होता.

"जत्रंला ये. जोड नको घेऊ कुणाची. हात वर करून फीर नुसती."

"कावून?"

"तिसऱ्या फेरीला मी उतरते."

"आन् सासूबाई?"

"त्या काय गिळतात का मला? लेकरू धरतील की घटकाभर. येशील ना गं?"

येशील ना म्हणे! राजश्रीनं ऋतुजाचा निळा पोशाख पेटीतून काढला. शेवटच्या कुस्तीनंतर तो तिच्याकडेच राहिला होता. धुऊन, इस्त्री करून तिनं तो पिशवीत घातला. आत्ता ती पिशवी पंचांच्या टेबलाखाली होती आणि राजश्रीचं निम्मं चित्त त्या टेबलाखाली होतं.

निम्मं समोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तिथं बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. पोपटी साडीत, डोक्यावर पदर घेऊन ऋतुजा. शेजारी तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, त्यांच्या खांद्यावर ऋतुजाची आठ महिन्यांची पेंगुळलेली लेक, संस्कृती. दुसऱ्या फेरीला राजश्री समोरून गेली तेव्हा सगळ्या बाया तिच्या अर्ध्या चड्डीकडे बघत होत्या. ऋतुजा बघत होती पावलांकडे. वजन कुठल्या पायावर पडतंय, ते.



"शेवटची फेरी!" आप्पाराव म्हणाले. "बघा, पोरीचा हात दुखायला लागला! हाय का कुणी?"

राजश्री ट्रॉलीजवळ आली. ऋतुजानं मंगळसूत्र पोलक्यात सारलं. पदर कमरेला खोचला. पायातल्या चपला काढल्या आणि ती ट्रॉलीच्या फाळक्याला धरून अर्धी उठली.

"कुटं चाललीस?" मुक्ताबाई म्हणाल्या. रागानं नाही, साधंच. "धर बरं हिला. हात भरून आला माझा."

ऋतुजा तशीच उभी राहिली. मग खाली बसली. मुक्ताबाईंनी झोपलेलं लेकरू अलगद तिच्या मांडीवर ठेवलं.

राजश्री हात वर करून उभीच. हलगी वाजतच होती. ऋतुजानं कमरेचा पदर सोडून लेकरावर पांघरला.  मग राजश्रीचा हात हळूहळू खाली आला.

"टाळ्या वाजवा राव, मान राखा लेकीचा!" आप्पाराव म्हणाले. टाळ्या पडल्या. पंचांनी नारळ दिला, टेबलाखालची पिशवी काढून दिली. हलगीवाला पाणी प्यायला बसला.

बाहेर पडायची वाट ट्रॉलीच्या कडेनंच होती. राजश्री तिथवर गेली. नारळ खाली ठेवला, पिशवी ठेवली. चिमूटभर माती तळहाताला चोळली आणि शड्डू ठोकला.

एक. मग दोन, भराभर.

"अगं बाई!" बाया दचकल्या. संस्कृतीनं डोळे उघडले, ओठ काढले, आता भोकाड पसरणार एवढ्यात—

"उठीवलं का लेकराला!" मुक्ताबाई करवादल्या.

ऋतुजानं वर बघितलं नाही. मातीतल्या कुस्तीनं जाड झालेला तिचा तळहात लेकीच्या पाठीवर आला. एक थाप. थांबली. मग दोन, भराभर.

संस्कृतीनं मूठ तोंडात घातली आणि, रोज याच थापांवर मिटायची तसे, डोळे मिटून घेतले.